पोहणाऱ्यांत पहिलं नाव

आमच्या नगरपरिषदेत आपत्ती व्यवस्थापनाचा एक कोपरा आहे. एक टेबल, दोन कपाटं, खुंटीला लटकवलेली लाइफ जॅकेटं आणि माझी खुर्ची, एवढाच पसारा. आपत्ती काही रोज येत नाही हो. पण किस्से? विचारूच नका! एक सांगायला बसलं की त्याच्या मागं दुसरा उभाच. घरी जेवताना सांगते तर नवरा म्हणतो, "तुमच्या हपिसात काम होते का नुसता तमाशाच होते वो?" काम होतं की! काम होतं म्हणून तर किस्से होतात.

काम काय, तर दर उन्हाळ्यात शहराचा आपत्ती आराखडा नव्यानं तपासायचा. पूर आला तर लोकांना कुठं न्यायचं, जेसीबी कोणाचा, साप धरणारा कोण, पोहणारे कोण. पावसाच्या आधी एकेकाला फोन लावायचा आणि विचारायचं, "भाऊ, तुम्ही आहात ना अजून?" हे विचारणं म्हणजे माझी नोकरी. माझ्या समोर बसतात आमचे अधीक्षक तायडे साहेब. कधी कोणाला दुखवणार नाहीत असा माणूस. आणि खिडकीजवळ रोहिणी मॅडम, पुण्याहून आलेल्या इंजिनीअर. त्या दुखवायला घाबरत नाहीत!

*

मॅडम रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात आराखडा घेऊन बसल्या. वाचता वाचता थांबल्या.

"ताई, हे काय आहे? 'समुद्र खवळल्यास मच्छीमार बांधवांनी होड्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्यात'?"

आता बुलढाणा जिल्ह्यात समुद्र! इकडं मलकापूर, तिकडं मोताळा, मधात आम्ही. आमच्याकडं चारी बाजूंनी कपाशी खवळते, बाकी काही नाही. झालं असं होतं की पूर्वी कोणीतरी कोकणातल्या एका गावाचा आराखडा मागवला आणि गावाचं नाव तेवढं बदललं. तेव्हापासून ते पान दरवर्षी सहीला जायचं, आणि सही होऊन परतही यायचं!

तायडे साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "राहू द्या मॅडम. तयारी असलेली बरी."

मॅडमनी लाल पेनानं अख्खं पान काटलं. "साहेब, जे खरं नाही ते यात राहणार नाही."

तेव्हाच मी मनात म्हटलं, ही पोरगी आपल्याला छळणार. अन् छळलंच!

*

त्या वर्षी मॅडम शेजारी बसल्या आणि माझ्याकडून एकूण एक नंबर फिरवून घेतला. एका जेसीबीवाल्याला फोन लावला. नाव विलासभाऊ.

"भाऊ, पुरात लागला तर तुमचा जेसीबी मिळेल ना?"

"जेसीबी तं इकला ताई."

"मग नाव काढू का?"

"काढता काऊन? आता आपला डीजे आहे. डीजे चालते का पुराले?"

मी हसून फोन ठेवणार, तर मॅडमनी माझा हात धरला. आमचा सायरन कधी वाजतो, कधी खोकतो. त्या म्हणाल्या, "घ्या लिहून. इशारा देण्यासाठी डीजे."

तायडे साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, पण आवाजाची मर्यादा?"

"साहेब, पूर आल्यावर मर्यादा कोणी पाळायची, आपण की पुरानं?"

त्या दिवशी मॅडम मला पहिल्यांदा आवडल्या.

*

आमच्याकडं पूर परवडला, पण ऊन नाही परवडत. म्हणून आराखड्यात उन्हाचंही प्रकरण आहे. "दुपारी घराबाहेर पडू नका" असं गावभर सांगायचं असतं. आता कधी सांगायचं, ते काही कोणी लिहिलेलं नाही. आम्ही ऑटोला भोंगा बांधला आणि निघालो ऐन दुपारी! मी मागं, माईक माझ्या हातात.

नाल्याकाठी आमची खालची वस्ती आहे, खालचा पुरा म्हणतात तिला. तिथं भोंगा वाजला की काहीतरी फुकट वाटून राह्यले असं लोक समजतात. बाया, पोरं, म्हातारे, सगळे घरातून निघून उन्हात उभे! मी ओरडून राह्यली, "उन्हात येऊ नका," आणि ते ऐकायला आणखी चार घरं बाहेर आली.

मंगलाबाई नावाची एक म्हातारी ऑटोच्या अगदी जवळ आली. माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.

"अव माय, आमाले सांगतं अन् तू काऊन फिरून राह्यली वो? तोंड पाह्य कसं लाल झालं."

मला हाताला धरून खाली उतरवलं, घरात नेलं, कैरीचं पन्हं पाजलं. दाराशी तिची शेळी बांधलेली होती, तिचं नाव राणी. म्हातारीनं आधी राणीला पाणी दाखवलं, मग मला दुसरा गिलास दिला. उन्हापासून कोणी वाचलं असेल त्या दिवशी, तर ती मीच!

*

आता उकंडाभाऊ.

पोहणाऱ्यांत पहिलं नाव उकंडाभाऊंचं. खालच्या पुऱ्यातलेच. पूर्वी एकदा नाला गावात शिरला होता, तेव्हा या माणसानं उड्या मारमारून लोक काढले होते. अजूनही बाजारात एखादा तरणाताठा माणूस त्यांच्या पाया पडतो आणि आपल्या लेकराला सांगतो, "याईनं मले काढलं होतं रे, मी तुह्यायेवढा होतो."

दर उन्हाळ्यात भाऊ टोपी घालून आमच्या टेबलापाशी येणार. "ताई, आपलं नाव पाहून घ्या बरं." मी पान उघडून दाखवायची. ते बोट ठेवायचे, मान हलवायचे, चहा घ्यायचे, जायचे. बस, एवढंच काम.

एकदा त्यांनी नावाच्या पुढचा रकानाही वाचला. वय पंचेचाळीस! दरवर्षी जुनंच पान पुढं जात होतं ना. भाऊंच्या मिशा पांढऱ्या होऊन पिवळ्या पडल्या, पण कागदावर गडी पंचेचाळिशीतच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊ मात्र खूश! "राहू द्या ताई, राहू द्या! अख्ख्या गावाचं वय वाढून राह्यलं, आपलं सरकारनं धरून ठेवलं."

मॅडमनी हे ऐकलं. हसल्याही. पण भाऊ जिना उतरू लागले तेव्हा त्या खिडकीतून पाहत होत्या. भाऊ कठडा धरून, थांबत थांबत, एकेक पायरी उतरत होते.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "उद्या पाणी आलं आणि आपण यांना फोन केला, तर हे येतील?"

"येतील म्हणजे? फोन न करताच येतील!"

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या आणि लाल पेन उघडून बसल्या. पण नाव काही काटलं नाही. त्यांच्याच्यानं झालं नाही.

*

जून लागायच्या आधी आम्ही पुराची रंगीत तालीम घेतो. डीजे वाजला की खालच्या पुऱ्यातल्या लोकांनी वरच्या शाळेत चालत जायचं, एवढंच शिकवायचं असतं. पहिल्या तालमीला विलासभाऊंनी सवयीनं आधी लग्नाचं गाणं लावलं! लोक घराबाहेर आले ते नाचतच आले. तायडे साहेब हात जोडून म्हणत होते, "बाबाहो, पूर आहे, पूर!" कोणी ऐकायला तयार नाही.

मंगलाबाईंना जखमी व्हायला सांगितलं होतं. स्ट्रेचरवर त्या निवांत झोपल्या, ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या. तालीम संपली तरी उतरेनात.

"बाई, झालं. उतरा आता."

"आता गाडी आलीच आहे तं दवाखान्यात नेऊनच टाका ना बापा. गुडघा दाखवाचा राह्यला."

नेलं! काय करता?

शाळेत सगळ्यांना गरम पोहे. त्यावर वरून विचारणा आली की तालमीत नाश्ता कशाला. तायडे साहेबांनी उत्तर लिहिलं, "लोकांना शाळेची वाट लक्षात राहावी म्हणून." आयुष्यात साहेबांनी वरच्यांना दिलेलं हे एकच उलट उत्तर. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं, आणि साहेब दिवसभर घाबरून बसले होते.

*

त्याच आठवड्यात लक्ष्मीबाई आल्या. उकंडाभाऊंची बायको. कधी हपिसाची पायरी न चढलेली बाई. पदर नीट केला आणि उभ्यानंच बोलल्या.

"साहेब, आमच्या बुढ्याचं नाव काढून टाका."

तायडे साहेब उठून उभे राहिले. "काय झालं बाई?"

"दम लागते त्याईले. नाल्यावर गेल्या पावसात पाणी पाह्यलं अन् कपडे काढाले लागले. मी अन् शेजारच्याईनं धरलं. म्हणते कसे, 'माहं नाव हाय तेथी, मले जा लागन.' नाव हाय म्हणून जाते साहेब थो माणूस. एखांद्या दिवशी जाईन अन् येनार नाई."

मग बाई स्वतःच रडायला लागल्या. "पण काढलं तं जगन का थो? दुसरं हाय काय त्याच्यापाशी?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. नाव ठेवलं तर माणूस पाण्यात, काढलं तर माणूस घरातल्या घरात जाणार. तायडे साहेब नुसते चष्मा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भाऊंना बोलावलं. दोराचं मोठं भेंडोळं टेबलावर ठेवलं.

"भाऊ, पोहायला पोरं मिळतात. पवन आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय, मासोळीसारखा पोहतो. पण त्याच्या कमरेला दोर बांधला की काठावर तो धरायचा कोणी? पाण्याचा जोर कोणाला कळतो? दोर कधी सोडायचा, कधी ओढायचा, हे मला नाही कळत. तायडे साहेबांना नाही कळत."

"मले तं अजिबात नाही," साहेब घाईनं म्हणाले.

भाऊ दोराकडं पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मले खुट्याले बांधून राह्यल्या तुम्ही."

"हो," मॅडम म्हणाल्या. "कारण तुम्ही जागा सोडली तर पवन गेला."

भाऊंनी चहा घेतला नाही. उठताना भेंडोळं काखेत मारलं आणि विचारलं, "नाव कोठी राहीन?"

"पहिलंच."

"अन् वय?"

मॅडम माझ्याकडं पाहू लागल्या. मी म्हटलं, "पंचेचाळीस, भाऊ!" मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं.

*

आणि त्याच श्रावणात पाणी आलं. वरच्या अंगाला सकाळपासून कोसळत होतं, आमच्याकडं तर नीट भुरभुरही नव्हती. विलासभाऊंनी डीजे लावला. घाईत पुन्हा तेच लग्नाचं गाणं! पण या खेपेला कोणी नाचलं नाही. लोकांनी लेकरं उचलली आणि शाळेची वाट धरली. वाटेत एक म्हातारा मला विचारत होता, "पोह्ये हायेत ना वो ताई?" मी म्हटलं, "आहेत आहेत, चाला तुम्ही!" आणि तायडे साहेब खरंच कढई चढवायला धावले.

सगळे पोचले. मोजले, तर मंगलाबाई नाहीत. राणीला सोडायला परत गेल्या होत्या. आता घराच्या पत्र्यावर बसलेल्या, मांडीवर शेळी, आणि चारी बाजूंनी पाणी.

पवन उतरला. कमरेला दोर, काखेत ट्यूब. काठावरच्या निंबाला एक वेढा देऊन दोर उकंडाभाऊंच्या हातात. नजर पाण्यावर, दोर जरा सोडायचे, जरा आवळायचे. मधात एक लाकूड वाहत आलं, पवन दिसेनासा झाला. भाऊंचा एक पाय पाण्याकडं उचलला गेला. मी पाहिला. मॅडमनीही पाहिला. पाय परत मागं आला, आणि भाऊ ओरडले, "वढा!"

आम्ही ओढलं. पवनचं डोकं वर आलं. पत्र्यावरून मंगलाबाई ओरडत होत्या, "राणीले पह्यले घ्या! मले मांगून!" पवननं दोन खेपा केल्या. शेळी आली, म्हातारी आली, पोरगं काठावर येऊन पालथं पडलं आणि हसायला लागलं.

भाऊंच्या मुठी काही उघडेनात. मॅडम जवळ गेल्या, त्यांचं एकेक बोट सोडवलं. "भाऊ, झालं. सगळे आले. सोडा आता."

भाऊंनी दोर सोडला. तेव्हा मला दिसलं की त्यांच्या कमरेला आणखी एक दोर आहे. विहिरीच्या पोहऱ्याचा, जुना. मी त्याच्या मागं मागं पाहत गेले. निंबाच्या पलीकडं, चिखलात पाय रोवून, दोन्ही हातांना वेढे देऊन लक्ष्मीबाई उभ्या होत्या. कोण जाणे कधीच्या.

मॅडम त्यांच्याकडं गेल्या. "काकू, तुम्हीसुद्धा सोडा. पाणी उतरायला लागलं."

लक्ष्मीबाईंनी एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा नवऱ्याच्या पाठीकडं.

"तुम्ही व्हा समोर, बाई," त्या म्हणाल्या. "पोह्ये थंडे होतीन. आम्ही येतो मांगून."