पहेलां चूप, पछी गेम

चेंडू उचलून डाव्या बगलेत मारायचा, उजव्या हाताचं बोट ओठावर ठेवायचं आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं. "पहेलां चूप, पछी गेम." आधी गप्प, मग खेळ. बडोद्याच्या उन्हात बसून ज्यांनी कधी फुटबॉल पाहिलाय, त्यांच्यापुढे आमचे रेफरी आत्ताच उभे राहिले असतील.

ते माझ्याच कारखान्यातले आणि मांजलपूरच्या आमच्याच सोसायटीतले. रविवारी ते रेफरी, मी झेंडा घेऊन लाइन्समन. सवय अशी हाडीमाशी खिळलेली, की सोसायटीच्या गणपतीत आरती चालू असताना मागे कुणी शेअरबाजाराच्या गप्पा काढल्या, की हे तबक खाली ठेवून मोकळे! "पहेलां चूप, पछी आरती." घरी शुद्ध मराठी, पण रागावले की गुजराती. वहिनी कपाळाला हात लावायच्या. "देवालासुद्धा ताटकळत ठेवतात हो हे!"

हाफ-टाइमची मोसंबी ते स्वतः खंडेराव मार्केटातून आणायचे. चार फोडी करून मीठ लावायचे आणि पहिली फोड, ज्याने जास्त शिव्या खाल्ल्या त्याला द्यायचे. बहुतेक वेळा ती त्यांच्याच वाट्याला यायची. रेफरीइतक्या शिव्या दुसरं कोण खातं? ते हसायचे. "माझ्या डोळ्यांना नावं ठेवा, चष्मा काढा, काय वाटेल ते बोला. खेळणाऱ्याच्या जातीवर, कातडीवर गेलात तर मात्र खेळ बंद."

पाणीगेटला राहणारा, आफ्रिकी वंशाचा एक सिद्दी फॉरवर्ड तेव्हा खेळायचा. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेतच वाढलेलं त्याचं घर, माझ्यापेक्षा झकास गुजराती बोलायचा. पण रंग काळाभोर, केस कुरळे. त्यामुळे चेंडू त्याच्या पायात आला की "हबसी, हबसी" सुरू. कुणी माकडाचे आवाज काढायचे. पोरगा मान खाली घालून पळत राहायचा.

त्या वर्षी फायनलला एका मोठ्या कंपनीचे साहेब मांडवात बसले होते, खास त्याचा खेळ बघायला. आवडला तर खेळाडू म्हणून कायमची नोकरी. नोकरी! ज्या वर्षांत कारखाने भल्याभल्यांना हातात पैसे देऊन घरी पाठवत होते, त्या वर्षांत. सगळ्या मैदानाला हे माहीत होतं.

पहिल्या हाफमध्ये ओरडा झाला. आमच्या रेफरींनी चेंडू बगलेत मारला, बोट ओठावर नेलं, लोक गप्प झाले. हाफ-टाइमला पहिली फोड त्या पोराला दिली, तर तो हसून म्हणाला, "साहेब, टेव पडी गई छे."

"सवय झालीय म्हणतो रे!" माझ्याकडे वळून ते म्हणाले.

दुसऱ्या हाफमध्ये केळ्याची साल येऊन त्याच्या खांद्यावर पडली आणि गॅलरी खिदळली. यांनी पुन्हा चेंडू उचलला. या वेळी कुणी गप्प बसेना. उलट शिट्ट्या, टाळ्या. कमिटीचे सेक्रेटरी धावत आले. "काका, मेच छे, कोर्ट नथी! चालू करा."

"ओरडणाऱ्यांना बाहेर काढा. दोन पोलीस आत पाठवा, आत्ता चालू करतो."

"पब्लिकला कसं काढणार?"

"मग पब्लिकलाच खेळवा," असं म्हणून त्यांनी लांबलचक शिट्टी वाजवली. मॅच रद्द.

कंपनीचे साहेब गाडीत बसून निघून गेले. तो पोरगा बूट हातात घेऊन आमच्यापाशी आला. रडत नव्हता, हेच वाईट. "एमने बोलवा देवा हता ने, साहेब. मारे रमवुं हतुं." बोलू द्यायचं होतं त्यांना, मला खेळायचं होतं.

कमिटीने यांना पुन्हा शिट्टी दिली नाही. त्याचं त्यांना काही नव्हतं. पण कंपनीची भरतीच बंद झाली, पोरगा रिक्षा चालवायला लागला, ते त्यांना पोखरत गेलं. बाकावर बसलो की तोच विषय. "शिव्या देणारे घरी जाऊन जेवले. शिक्षा झाली याला. मी शिट्टी वाजवली कुणावर, सांग ना?" मी म्हणायचो, "तुम्ही थांबवलंत ते बरोबरच. बाहेर काढणं त्यांचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही." ते मान हलवायचे, पण पटलेलं नसायचं.

दिवाळीनंतर ते गेले. कमिटीला एकदम उमाळा आला. फायनलच्या आधी एक मिनिट मौन! मैदान उठून उभं राहिलं, कुणी ब्रसुद्धा काढला नाही. आयुष्यभर माणूस एवढंच मागत होता हो!

तो रिक्षा बाहेर लावून आला होता, माझ्या शेजारीच उभा होता. मौन संपलं, लोक बसले, शिट्टी झाली. तो डोळे पुसत तसाच उभा राहिला. मागून आवाज आला, "ए हबसी, बेसी जा! देखातुं नथी." खाली बस म्हणे, दिसत नाही.

मी ताडकन उठलो. तर त्यानेच माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"जवा दो, काका. मेच चालू छे."

खरंच चालू होती. चेंडू उचलणारं आता कुणी नव्हतं.