बायनाबाईच्या दोऱ्या आणि बेचाळीस नंबर

बीडच्या बाजारात परवा एका दुकानदारानं माझ्याकडे एकदाच पाहिलं, फळीवरून बॉडीचा, म्हणजे ब्रेसियरचा, खोका काढला आणि म्हणाला, "अडतीस." मी छत्तीस की अडतीस हा माझा प्रश्न आहे, त्याचा नाही. घरी येऊन घालून पाहिलं तर माप बरोबर निघालं, त्यामुळे राग आणखीच वाढला. अशा वेळी मला बायनाबाई आठवते.

बायनाबाई माझ्या आईची मावशी. निजामाच्या राज्यात ती चकलांब्याला चोळ्या शिवायची. तिचा नवरा हरिबा शिंपी पुरुषांच्या बंड्या शिवायचा. तो गेला आणि त्याची कात्री, सुई आणि खुंटीवरच्या दोऱ्या तिच्याकडे आल्या. तेव्हा बायकांच्या कपड्यात आतलं आणि बाहेरचं असा भेद नव्हता. खणाची चोळी आणि पुढं एक गाठ. दिवस गेले की गाठ सैल, उपास आले की आवळ. बाईच्या अंगातली सगळी उलथापालथ ती एकटी गाठ निभावून न्यायची. बॉडीचा इतिहास कुणी लिहिलाच तर पहिलं पान या गाठीला द्यायला हवं, पण देणार कोण!

मापाची तिची एक रीत होती. ती कुणाच्या अंगाला हात लावत नसे. सुताची दोरी द्यायची. बाईनं आत जाऊन स्वतःच ती छातीभोवती फिरवायची, पुरेल तिथं गाठ मारायची आणि मुठीत झाकून आणून द्यायची. मग ती दोरी खुंटीला. त्यावर ना नाव ना खूण. कुठली कुणाची हे फक्त बायनाबाईला ठाऊक. नणंदेनं भावजयीचं माप काढून घ्यायचा कितीही प्रयत्न केला तरी तिच्या तोंडून अक्षर निघत नसे. हरिबाच्या वेळच्या पुरुषांच्या दोऱ्याही तिनं तशाच सांभाळल्या होत्या.

ती बसायची विठ्ठलराव देशमुखांच्या ओसरीवर. तिथं उजेड होता, आडोसा होता, आणि गावातल्या सगळ्या बायका तिथं बिनदिक्कत येऊ शकायच्या. ती ओसरी गेली असती तर बायनाबाईचं शिवणकाम गेलं असतं.

आणि ती जायची वेळ आलीच. विठ्ठलराव कोर्टाच्या तारखेला हैदराबादला गेले आणि येताना बायकोसाठी एक खोका घेऊन आले. आत बॉडी. पांढरी, जाळीची, पाठीवर हूक, आणि आतल्या बाजूला इवल्याशा चिठ्ठीवर आकडा शिवलेला: बेचाळीस. विठ्ठलरावांनी तो आकडा दिवाणखान्यात मोठ्यानं वाचून दाखवला. विलायती नंबर हाय, म्हणाले, नंबर कदी चुकत न्हाई.

सुंदरबाई, म्हणजे त्यांची बायको, इतकी बारीक की तिच्या चोळीच्या खणातून एक कुंची सहज निघायची. तिनं बॉडी घातली आणि ती उजवीकडे वळली, तरी बॉडी आपली समोरच पाहत राहिली. आता शहाण्या माणसानं काय म्हणावं? बॉडी मोठी आहे. विठ्ठलराव म्हणाले, बायको लहान आहे.

लगेच हुकूम सुटले. सुंदरबाईनं रोज चार डिंकाचे लाडू आणि वाटीभर तूप संपवायचं. बायनाबाईनं बॉडीला कात्री न लावता ती बसवून द्यायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेवराईहून कचेरीतल्या पेशकाराची बायको येणार होती, त्याआधी नंबर भरला पाहिजे. नाही भरला तर बायनाबाईनं ओसरी रिकामी करायची. मग गावातल्या सगळ्या बायकांना हैदराबादहून नंबर मागवले जातील. चोळीच्या आतली बॉडी पेशकारणीला दिसणार कशी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दोन महिने सुंदरबाईनं लाडू खाल्ले. तूप गेलं ते गालांत, कोपरांत आणि टाचांत. जिथं जायला हवं होतं तिथं त्यानं पाऊलही टाकलं नाही. मग बायनाबाईनं आत पिंजलेला कापूस भरून पाहिला. सुंदरबाई तुळशीला पाणी घालायला वाकली आणि उजवा कापूस वृंदावनात पडला. शेवटी एके सकाळी पाचव्या घासाला तिला ओकारी आली, आणि ती ओसरीवर येऊन रडायला लागली. तिचं चुकलं काय, हेच तिला कळत नव्हतं.

बायनाबाई मुळात शांत बाई, पण त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. तिनं बॉडीचे हूक लावले, भोवती दोरी फिरवली, गाठ मारली. ती दोरी हातात धरली आणि थांबली. हे माप तिच्या ओळखीचं होतं. खुंटीवरून एक जुनी दोरी काढून तिनं शेजारी ठेवली. गाठीला गाठ भिडली.

ती तशीच विठ्ठलरावांपुढं जाऊन उभी राहिली.

"मालक, चोळीनं बाईच्या मापाला यायचं आस्तं, बाईनं चोळीच्या न्हाई. ही बॉडी मालकिणीची न्हाईच. ज्या माणसाच्या मापाची हाय, त्याची दोरी माझ्यापाशी हाय."

हे ऐकताच सुंदरबाईचं रडणं थांबलं आणि भलतंच सुरू झालं. म्हणजे गावात कुणीतरी बेचाळीसवाली आहे! तिच्यासाठी आणलेली बॉडी आपल्या गळ्यात मारली! तिनं उरलेले लाडू नवऱ्याच्या पुढ्यात आदळले आणि त्या भवानीचं नाव विचारलं. विठ्ठलरावांनी कुलदैवताची शपथ घेतली, मग कोर्टाची घेतली. काही उपयोग झाला नाही. मग दोघंही बायनाबाईवर उलटले. विठ्ठलरावांनी बजावलं, नाव सांग, न्हाईतर आत्ताच्या आत्ता ओसरी सोड.

एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, ही बायनाबाईची रीत. ती मोडली तर ओसरी राहून उपयोग नव्हता. कुठली बाई तिच्या हाती पुन्हा दोरी दिली असती? मग तिनं जुनी दोरी विठ्ठलरावांच्या हातात ठेवली.

"मी नाव सांगत न्हाई, मालक. तुमीच भोवती लावून बगा."

विठ्ठलरावांनी निर्दोष असल्याच्या तोऱ्यात दोरी छातीभोवती फिरवली. गाठ बरोबर टोकाला भिडली. तसूभरही इकडं-तिकडं नाही.

हैदराबादच्या दुकानात भर गिऱ्हाइकांत नंबर विचारला होता. परक्या पुरुषापुढं बायकोचं माप कसं सांगायचं, आणि ते त्यांना ठाऊक तरी कुठं होतं! त्यांनी आपल्या शेरवानीचा नंबर सांगितला होता.

सुंदरबाई हसली नाही. तिनं बॉडी उचलून नवऱ्यापुढं ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "नंबर कदी चुकत न्हाई, तुमीच म्हन्ले. आता घाला."

त्यांनी घातली. कसं विचारू नका. दोन महिने लाडू खायला लावलेल्या बाईपुढं कुणाचं काय चालणार? बंडीच्या आत घातली, आणि पौषाच्या थंडीत पाठीला ऊब लागते असं म्हणत पुढंही घालत राहिले. पेशकारणीचं हळदीकुंकू सुंदरबाईच्या जुन्या चोळीवर पार पडलं.

बायनाबाईनं हे कुणाला सांगितलं नाही. सुंदरबाईनं मात्र सगळ्या गावाला सांगितलं, अगदी पुढचंही. फाल्गुनात एकदा विठ्ठलराव ओसरीवर आले. उरलेले लाडू त्यांनीच संपवले होते. मान खाली घालून, इकडंतिकडं पाहत, ते हळूच म्हणाले की हूक जरा सैल करता आले तर बरं, फार काचतंय.

बायनाबाईनं सुई खाली ठेवली आणि एक कोरी दोरी त्यांच्या हातात दिली.

"आत जाऊन गाठ मारून आना, मालक. मुठीत झाकून आना. मी कुनाला सांगत न्हाई."