केरीच्या घरचा गणपती मला दिसेना

"डोळे मिटा आणि तुमच्या घराचा दरवाजा मनात आणून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी डोळे मिटले. काळोख. "आता बायकोचा चेहरा?" बायको शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तरी काळोखच.

"याला अफँटेझिया म्हणतात," त्या म्हणाल्या. म्हणजे मनात चित्र न उमटणं.

नऊ दिवसांपूर्वी मला लहानसा स्ट्रोक आला होता. मेंदूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. सकाळी चहाचा कप घ्यायला गेलो आणि नजर चुकून हात कपाच्या बाजूलाच पडला, एवढंच लक्षण. एमआरआय झाला, गोळ्या सुरू झाल्या, समोरचं पुन्हा नीट दिसू लागलं. आतलं गेलं ते मात्र आलं नाही.

"घाबरू नका. काही माणसं जन्मापासून अशीच असतात आणि सगळी कामं करतात. त्यांना वाटतं, डोळ्यांसमोर आणणं ही नुसती बोलायची रीत आहे."

पुढचं मी ऐकलंच नाही. मला माझा मुलगा दिगू आठवला.

बाहेर आल्यावर बायकोला म्हटलं, "तू समोर नसलीस की आता मला दिसणार नाहीस."

"मगे समोर येवन बसा. जन्मभर त्या शाळेतच बसलात."

शाळा म्हणजे पेडण्यातली आमची गणपती घडवायची जागा. आषाढात लोक आपापला लाकडी पाट आणून ठेवतात. प्रत्येक घरचा गणपती त्याच पाटावर, दरवर्षीसारखाच व्हावा लागतो. वडिलांची शिकवण अशी : पाटावर हात ठेव, डोळे मिट, गेल्या वर्षीचा देव बघ, मग मातीला हात लाव. कागद नाही, माप नाही.

विशीतल्या दिगूनं एकदा सांगितलं, "बाबा, डोळे मिटून माका काय्येक दिसत नाय." मला वाटलं, कामाची टाळाटाळ. मग त्याची एक वही सापडली. त्यात घरोघरचे गणपती शब्दांत लिहिलेले. मी ती वही मातीच्या कुंडात बुडवली. वर चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "ज्याच्या मनात देव नाही, त्यानं मातीला हात लावू नये."

त्यानं धारगळला पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. घरी येतो, माझी औषधं आणतो. शाळेचा उंबरा मात्र तेवीस वर्षांत ओलांडला नाही. आणि मी गावभर सांगत राहिलो, पोराला श्रद्धा नाही.

यंदा पहिला पाट केरीहून आला. मी हात ठेवला, डोळे मिटले. काही नाही. फोनवर फोटो असतील, असं तुम्ही म्हणाल. एक होता, पण त्यात अर्धा देव हारांखाली, आणि पाठ तर दिसतच नाही.

दिगूला बोलावलं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी त्याला सांगितलं.

त्यानं विचारलं, "म्हणजे लोकांका खरांच दिसता? माका वाटला, तुमी सगळे असांच म्हणतास!"

"चूक माझी, दिगू. वही मी बुडवली." मग तेवीस वर्षांपूर्वी विचारायचं ते विचारलं, "तुला दिसत नाही, तर कळतं कसं?"

"आतून माझोच आवाज सांगता. वही गेली, शब्द खंय जातले?" आणि पाटाकडे बघत त्यानं सुरू केलं : केरी, उजवा पाय खाली, सोंडेला दोन वळ्या, मोदकाचा हात छातीशी, पाठ जराशी पोक काढलेली. बोलता बोलता त्यानं चपला काढल्या आणि आत आला. तो सांगत गेला, मी माती लावत गेलो.

चवथीला केरीचे म्हातारे यजमान मूर्ती न्यायला आले. "तुझो हात काय चुकत नाय!" म्हणाले. शाळा भरलेली होती. मी म्हटलं, "हा दिगूनं सांगितलेला देव. त्याच्या मनात देव नाही, असं मी म्हणत आलो. ते खोटं होतं." दिगू दुसऱ्या पाटाला सुतळी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही, फक्त म्हणाला, "बाबा, मांद्र्याचा गिऱ्हाईक रवला हा."

तुमच्या घरी कुणी 'मला दिसत नाही' म्हणालं, तर त्याला खोटं पाडू नका. कसं कळतं, ते विचारा.

संध्याकाळी आता मी चुलीकडे बसतो. बायको भाकरी थापते. "किती बघशात?" ती विचारते. मी डोळे मिटत नाही.