मल्लूअण्णांचा हात

मल्लूअण्णांच्या हाताला काही झालं नव्हतं. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि आजवर मी ती कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली, मीही पन्नाशीला टेकलो. लिहून टाकायला इतकी वर्षं लागली, एवढंच.

कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर पहाटे गवळी आपापल्या म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. तालमीतून घामेजून आलेली पोरं तिथंच उभ्यानं चरवीभर दूध संपवतात. या कट्ट्यावर मल्लूअण्णांची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या गवळ्याची नव्हती. धारेला बसण्याआधी ते गिऱ्हाइकाची म्हशीशी ओळख करून देत. चंद्रीच्या कपाळावर हात ठेवायचा आणि अगदी गंभीर तोंडानं सांगायचं, "चंद्रे, हे पावणं नाशकासनं आल्यात. ह्या त्येंच्या मंडळी. देवीला आल्यात, उद्या जाणार हायती. नीट दे."

मग कासेवर पाण्याचा हबका, हातांना बोटभर लोणी, गुडघ्यांत चरवी. चंद्री पंढरपुरी जातीची, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली. ती रवंथ थांबवी, डोळे अर्धे मिटी आणि पान्हा सोडी. याला कधी दोन मिनिटं लागत, कधी दहा. कुणी घड्याळ बघितलं की अण्णा मान वर न करता म्हणत, "म्हस हाय पावणं, नळ न्हाय."

मी तेव्हा एका यात्रा कंपनीत गाइड होतो. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास कोल्हापूरला येणारा परगावचा माणूस म्हणजे बहुतेक देवीचा भक्त. सकाळी उतरला, ओटी भरली, पुजाऱ्याच्या घरी जेवला, संध्याकाळच्या गाडीनं परत. सत्तरनंतर माणसं नुसती हिंडायला येऊ लागली. गळ्यात कॅमेरे आले, रंगीत चष्मे आले. आमच्या मालकांनी एक बस घेतली आणि 'एका दिवसात कोल्हापूर' अशी सहल काढली. देऊळ, राजवाडा, पन्हाळा, शेवटी रंकाळ्यावर सूर्यास्त. सहलीची सुरुवात दूधकट्ट्यानं करायची, ही कल्पना माझी.

पहिल्या दिवशी मी पाहुण्यांना घेऊन अण्णांपुढे उभा राहिलो आणि कोल्हापूरच्या दुधावर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग चंद्रीला म्हणाले, "झालं बघ मास्तरांचं. आता आपुन सुरू करूया." तेव्हापासून मी त्यांचा मास्तर.

पाहुण्यांवर त्यांचा फार जीव. तालमीतला एखादा पैलवान "अण्णा, आधी मला द्या की, जोर मारून आलोय," म्हणाला की ते सुनवायचे, "तू काय, हितलाच हाईस. उद्याबी येशील, परवाबी येशील. ह्यो माणूस परत कवा येणार? गप हुबा ऱ्हा." दादरच्या एका बाईंनी एकदा विचारलं, "हे उकळून मिळेल का हो?" अण्णा क्षणभर विचारात पडले. म्हणाले, "बाई, आत्ता म्हशीच्या आत ऊनच हुतं की!" बाई इतक्या हसल्या की पेल्यातलं दूध पातळावर सांडलं. दुसऱ्या वर्षी त्याच बाई आपल्या तीन बहिणी घेऊन आल्या. अण्णांनी त्यांना ओळखलं आणि चंद्रीला सांगितलं, "त्या उकळ्या बाई आल्यात गं."

एकदा एका मोठ्या काळ्या चष्म्याच्या गृहस्थांना बघून चंद्री फुरफुरायला लागली. अण्णांनी हात जोडले. "पावणं, चष्मा जरा खिशात ठिवता का? तिला तुमचं डोळं बघायचं हायती."

दोन-तीन वर्षांत कट्टा बदलला. समोर एक भडंगवाली बसू लागली, तिच्या शेजारी चपलांचं दुकान लागलं, पलीकडं गुळाच्या लहान ढेपा कागदात बांधून विकणारा आला, कोपऱ्यावर एक भजीवाला आला. रिक्षावाले पहाटेच रांग लावू लागले. लॉजवाल्यांनी मजले चढवले. मी कुठल्याशा सरकारी भाषणात ऐकलेलं वाक्य एकदा अण्णांना ऐकवलं, "अण्णा, पर्यटन म्हणजे बिनधुराचा उद्योग बरं का."

"कसला बिनधुराचा?" अण्णा म्हणाले. "त्या भजीवाल्याची चूल बगा की. त्या भडंगवालीच्या घरातली बगा. गुळाचं गुऱ्हाळ बगा. अवो, धूर निघतोय म्हून तर पोटं भरायला लागल्यात. तुमच्या सायबाला म्हणावं, पावणं एका दारात येत न्हाई, धा दारांत येतंय."

पुढे मी पर्यटनावर पुष्कळ परिसंवाद ऐकले. याच्यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात. एका वर्षी मी पाहुण्यांची अख्खी बस कसबा बावड्याला नेली, तिथंच अण्णांचं घर. चंद्रीची शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं. हलगी कडाडत होती, फटाके फुटत होते, माणसांत माणूस मावत नव्हता. अण्णा गर्दीच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि नुसतं "ये गं" म्हणाले. ओरडले नाहीत. ती एवढी थोरली म्हैस गर्दीतून वाट काढत धावत गेली आणि त्यांच्या खांद्यावर मुस्कट टेकून उभी राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांची मुलगी सुशीला माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "मास्तर, आमच्या आईनंबी ह्येंचं इतकं ऐकलं न्हाई वो कधी."

त्याच हिवाळ्यात मालकांनी दुसरी बस घेतली.

आता पहाटे दोन बसची माणसं एकदम कट्ट्यावर उतरू लागली. कॅमेऱ्यांचे झगमगाट, पोरांची रडारड. चंद्री बावरायची आणि पान्हा चोरायची. अण्णा शांतपणे थोपटत बसायचे, तिकडं पन्हाळ्याला जायला उशीर. जेवण हुकायचं, राजवाडा घाईत उरकायचा. तक्रारींची पत्रं आली. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "दूध वेळेत झालं पाहिजे. नाहीतर कट्टा सहलीतून काढून टाकू, आणि कट्ट्यासाठी ठेवलेल्या गाइडचंही मग बघावं लागेल."

मी अण्णांना म्हणालो, "थोडं लवकर नाही का जमणार?" ते हसले. "मास्तर, ती मला न्हाई, पावण्यास्नी देतीया. तिला पटाय नको?"

मग मी जे केलं ते असं. गुरांच्या दवाखान्यात काम केलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून मी दूध उतरवायचं इंजेक्शन मिळवलं, सुई कशी मारायची ते शिकून घेतलं. अण्णा धारेआधी हात धुवायला आणि पाण्याची बादली भरायला कोपऱ्यावरच्या नळावर जात. तेवढा वेळ चंद्रीचं दावं माझ्या हातात असे. त्यांनीच विश्वासानं दिलेलं. सुई माझ्या कोटाच्या आतल्या खिशात असे. बसमधली माणसं अजून उतरत असत, आजूबाजूचे गवळी आपापल्या कामात. चंद्री एकदा पाय आपटी, संपलं. अण्णा परत येऊन हात लावायचा अवकाश, धार सुरू.

अण्णा पहिल्या दिवशी लहान मुलासारखे खूश झाले. "बघितलंसा मास्तर? पटली तिला दोन-दोन गाड्यांची माणसं!"

मी म्हणालो, "तुमचा हातच तसा आहे अण्णा."

माझ्या मनाची समजूत तयार होती. कट्टा सहलीतून गेला तर भडंगवालीचं काय, रिक्षावाल्यांचं काय, अण्णांचं तरी काय? दहा दारांची त्यांचीच गोष्ट मी स्वतःला ऐकवत होतो. खरं सांगायचं तर त्या दहा दारांत पहिलं दार माझं होतं. एकदा चंद्रीच्या पुठ्ठ्यावर रक्ताचा ठिपका अण्णांना दिसला. "गोमाशी चावली वाटतं माझ्या पोरीला," म्हणून त्यांनी हळद मागवली. हळदीची पुडी मी धरून उभा होतो.

असे तीन-साडेतीन महिने गेले. मग मला कावीळ झाली आणि मी अंथरुणाला खिळलो. तेव्हा माझ्या डोक्यात चंद्रीचा विचारसुद्धा आला नाही. तोवर तिला त्या सुईची इतकी सवय लागली होती की तिच्याशिवाय ती पान्हा सोडीना. मी नसताना काय घडलं ते पुढं मला कट्ट्यावरच्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी अण्णांनी पाऊण तास वाट बघितली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना लांब उभं केलं. तिसऱ्या दिवशी रेडकू आणून पुढं बांधलं. चौथ्या दिवशी चंद्रीच्या गळ्यात पडून काहीबाही बोलत राहिले. पाहुणे नुसते बघत राहिले, आणि अण्णांना बहुतेक तेच सोसलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी चरवी पालथी घातली, धोतराला हात पुसले आणि तालमीतल्या पोरांना म्हणाले, "माझ्या हातातलं गेलं रं." चंद्रीचं दावं धरून चालत बावड्याला गेले. कट्ट्यावर परत आले नाहीत.

बरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ते दारातल्या खाटेवर बसले होते. मला बघून उठले, आतून पाट मागवला, सुशीलाला चहा टाकायला सांगितलं. आधी माझ्या तब्येतीची चौकशी. "लई वाळलासा मास्तर. उसाचा रस घ्या, काविळीला बरा." मग दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"बगा. हात तर त्योच हाय. पर जनावराला कळतंय. मी पावण्यांच्या म्होरं लई मिरवलो. माजा हात, माजा हात करत बसलो. त्येचंच हाय ह्ये."

मी तोंड उघडलं होतं. शब्दही तयार होता. समोर बसलेला हा माणूस त्यानंतर माझ्याकडे कसा बघेल ते मला दिसलं आणि मी म्हणालो, "अण्णा, आता वय झालं. आराम करा."

त्या इंजेक्शनापेक्षा हे वाक्य वाईट होतं. अण्णांनी मान हलवली. जसं काही डॉक्टरनं सांगितलं.

आणखी एक सांगायचं राहतं. पंधरा-वीस दिवसांनी चंद्री आपोआप ताळ्यावर आली. सुशीला सहज बसली तर भडाभडा पान्हा सोडला. ही बातमी अण्णांनीच मला दिली, हसत. "पोरीला देतीया. चला, घरात तर ऱ्हायलं." मला ठाऊक होतं की ते बसले असते तर त्यांनाही तिनं दिलं असतं. 'एकदा बसून बघा अण्णा' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, बाकीचं लपवूनसुद्धा म्हणता आलं असतं. तेही मी म्हणालो नाही, कारण मग ते विचारत राहिले असते, मधले दिवस काय झालं होतं म्हणून.

त्यानंतर ते तीन वर्षं जगले. एकदाही धारेला बसले नाहीत. वैरण घालायचे, चंद्रीला ओढ्यावर न्यायचे, खरारा करायचे, पण कासेला हात लावायचे नाहीत. रस्त्यानं आमची बस गेली की हात वर करायचे. मी गेलो की विचारायचे, "पावणं येत्यात न्हवं? कुठलं कुठलं येत्यात?" मी गावांची नावं सांगायचो. त्यांना बरं वाटायचं.

पावणं येत होतं. माझ्याही बसगाड्या झाल्या, स्टेशन रोडला ऑफिस झालं. माझ्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर अण्णांचा आणि चंद्रीचा फोटो आहे. लोक तो बघूनच सहलीला नाव नोंदवतात.

अण्णा श्रावणात गेले. बाराव्याला मी गेलो होतो. जेवणं उरकल्यावर सुशीला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली.

"मास्तर, एक इचारू? अण्णा शेवटापत्तूर हात चोळत बसायचं. झोपेतबी. तुमी तर रोज त्येंच्या जवळ हुबं असायचासा. त्या वक्ताला नेमकं काय झालं हुतं वो?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक, सुशीला."

ती अजून कसबा बावड्यातच राहते. माझ्या ऑफिसपासून सायकलनं वीस मिनिटांचा रस्ता आहे. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.