आत्याचं मनगट

आज प्रयोगशाळेत आम्ही एकदांडीच्या पानांचा अर्क तपासत होतो. काचेच्या बशीत जंतू वाढवलेले, मधे अर्कात भिजवलेली कागदाची टिकली, आणि तिच्याभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं. माझी विद्यार्थिनी हरखून गेली. "मॅडम, गुण आहे हो पानात! आता अपाय होतो का, ते बघायचं ना?"

मला एकदम आत्या आठवली. मी गुडघा फोडून घरी आले, की ती बांधावरून कुठलातरी पाला खुडून आणायची, तळहातावर चुरायची आणि रस आधी स्वतःच्या मनगटाला लावून स्वस्थ बसायची. इकडे मी रडून घर डोक्यावर घेतलेलं. "थांब गं बाई, आधी माझ्यावर बघू दे," म्हणायची. कधी मनगट चोळत तो पाला फेकून द्यायची नि दुसरा आणायला जायची. तिच्या या चेंगटपणाचा मला भयंकर राग यायचा.

तिच्या मनगटावर सदा बारीक पुरळ असायचं. विचारलं, तर म्हणायची, "डास चावले गं."

विद्यार्थिनीनं तक्ता पुढे केला. 'अपाय कशावर तपासला?' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

डास नव्हतेच ते. मला कधीच न लावलेल्या पाल्याचं ते पुरळ होतं.