होडीचं झबलं

आमच्या आईने होडीला झबलं शिवलं होतं.
आई आज सकाळी गेली.

साठचं दशक, सिल्वासा. फॅक्टऱ्या अजून यायच्या होत्या.
बाबा मालवणकडचे, नोकरी सरकारी ऑफिसात. समुद्र सुटला, वेड सुटलं नाही. अथालला दमणगंगेच्या काठी त्यांची छोटी शिडाची होडी असायची. रविवारी घरी जेवण थंड व्हायचं आणि बाबा पाण्यावर.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात मात्र गेला तो गेलाच.
होडीचं नाव काढलं की म्हणायचे, विकून टाक. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

उन्हाळा लागला. तिकडचं ऊन म्हणजे विचारूच नका. शीड विरायला लागलं, फळ्या तडकायला लागल्या.
आईने जाड मांजरपाट आणला आणि मशीनवर खोळी शिवायला बसली. एक गुंडाळलेल्या शिडाला, एक अख्ख्या होडीला.

बाबा जाम चिडले. "झाकतात कोणाला, ठाऊक आहे ना? मेलेल्याला."

आईने मानही वर केली नाही. "तान्ह्यालाही झाकतात," म्हणाली.

बटणं नाहीत, हुक नाहीत, सगळीकडे नाड्या. धाकट्या भावाच्या झबल्याला लावायची ना, तश्शा. एक टोक ओढलं की सुटणाऱ्या.

खोळ चढवली त्या दिवशी काठावर लोक फिदीफिदी हसत होते. ऑफिसातले एक गुजराती काका म्हणाले, "भाभी, होडीने झभलुं?"

बाबासुद्धा हसले! आजारपणानंतर पहिल्यांदा.
हसता हसता नाड्यांकडे बघत राहिले. मग पुढे झाले आणि डाव्या हाताने एक ओढली.
सुटली.
मग दुसरी.

मी मदतीला धावले, तर आईने माझा दंड घट्ट धरला. स्वतः मात्र पाठ फिरवून काकांशी गप्पा मारत उभी. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडाने कैरीच्या लोणच्याची रेसिपी चालू. अशी होती आमची आई. बिलंदर.

पुढच्या रविवारी शिडाची दोरी काकांच्या हातात आणि सुकाणू बाबांच्या डाव्या हातात.
घरी जेवण पुन्हा थंड व्हायला लागलं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये आईला तो पाठीमागे नाड्यांचा गाऊन घातला. चाचपून बघितलं तिने.
"अगं, हे तर माझ्या होडीचं झबलं," म्हणाली आणि खुदकन हसली.

आज सकाळी गाऊन काढायला सिस्टर कात्री घेऊन आल्या. म्हटलं, थांबा. कात्री नको.
उजवा हात मागे घेतला आणि डाव्या हाताने एकेक नाडी ओढली.
सगळ्या सुटल्या गं.

निघणाऱ्याला 'जा' म्हणायचं नाही, हे तूच शिकवलंस.
ये आई.