सपाट रानातला खड्डा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मोजणीच्या कामात उभा जन्म गेला. साखळीनं मोजता येतं तेवढंच खरं, असं मानणारा मी माणूस. म्हणूनच ही हकीकत इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही...

संस्थान होतं, महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. गारगोटीच्या अलीकडं, वेदगंगेच्या काठी एक गाव आहे — नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या कुंभारांचे मातीचे जुने खड्डे शोधून नकाशावर घ्यायचे, म्हणजे ती जागा कुणाला नांगरता येणार नाही, असं काम आमच्याकडं आलं. आमच्याकडं म्हणजे मी आणि दत्तोबा. एका खोलीत राहून, एका ताटात जेवून आम्ही दोघं सर्व्हे शिकलो होतो.

खड्डे ओळखणं सोपं नव्हतं. गवत माजलेलं, कडा ढासळलेल्या. बायजाक्का नावाच्या म्हाताऱ्या कुंभारणीनं ते हिंडून दाखवले. ती सांगायची, नुसता खोलगट भाग बघू नका; एकीकडं सरळ तुटलेली कड आणि दुसरीकडं उतार असला तर तो खड्डा माणसानं खणलेला. उतार गाढवं उतरायला ठेवलेला असतो. असे सहा खड्डे निघाले. नदीकडचा सगळ्यांत मोठा, दीड पुरुष खोल. भाजताना न तडकणारी राखाडी माती तेवढ्या एकातच होती.

कच्चा नकाशा मी काढला. तेवढ्यात आई आजारी असल्याचा निरोप आला आणि मला गडहिंग्लजला जावं लागलं. पक्का नकाशा दत्तोबा करणार होता.

"तू निवांत जा. मी हाय की," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी परतलो तर कुंभारांची तक्रार आलेली. नकाशात पाचच खड्डे होते. नदीकडचा गाळलेला. जागेवर जाऊन बघतो तर खड्डा बुजवून, वर नांगर फिरवून रान सपाट केलेलं. शेजारची जमीन दत्तोबाच्या मेहुण्याची. माझा कच्चा नकाशाही कुठं सापडेना. दत्तोबाला विचारलं, तर माझ्याकडं न बघताच म्हणाला की तिथं खड्डा नव्हताच, तुझी काहीतरी गफलत झाली असेल.

बायजाक्कानं मला एवढंच विचारलं, "पावणं, आमी खड्डं दावलं ते नोंदवायला, का बुजवायला?"



चौकशीला मामलेदार आले. सकाळचे दहा वाजले असतील, चैत्रातलं लख्ख ऊन. दत्तोबा, त्याचा मेहुणा, बायजाक्का आणि चार-पाच कुंभार हजर होते. खड्डा कुठं होता ते चालून दाखवतो, असं म्हणून मी नांगरटीत शिरलो. वीसेक पावलांवर माझे गुडघे वाकायला लागले — उतार उतरताना वाकतात तसे. डोळ्यांना जमीन सपाट दिसत होती, पाय मात्र खाली चालले होते. अंगाला गारवा लागला. ओल्या मातीचा वास आला. मामलेदारांनी काहीतरी विचारलं. ते दहा हातांवर, माझ्याच पातळीत उभे. पण आवाज आला तो डोक्यावरून, विहिरीच्या काठावरून यावा तसा. माझी गाळण उडाली. पाय घसरला आणि मी गुडघ्यांवर आलो.

दत्तोबा धावला. माझ्यापासून तीन हातांवर एकदम थबकला आणि ढेकळांत पोटावर आडवा झाला. हात पुढं करून म्हणाला, "धर. वर ये."

सपाट रानात!

मग त्याला भान आलं. उठला, कपडे झटकले. मामलेदारांनी विचारलं की इथं खड्डा होता का. देवाची शपथ घेऊन तो नाही म्हणाला. मामलेदारांनी डोळ्यांना दिसलं ते लिहिलं — सपाट जमीन. माझं धोतर गुडघ्यांपर्यंत राखाडी मातीनं ओलं झालेलं होतं. वरची नांगरट तांबडी, कोरडी ठणठणीत. पण धोतर कोण नोंदवणार?

कुंभारांचा खड्डा गेला तो गेलाच. दत्तोबा आणि मी पुन्हा एका कामावर गेलो नाही.

उन्हामुळं मला भोवळ आली असेल, असं जाणती माणसं म्हणतात. असेलही. पण मग दत्तोबा कुणाला वर काढत होता? ...मला आजवर उमगलेलं नाही. त्याचा हात मी धरला नाही. मात्र खरं सांगतो — इतकं सगळं होऊनही, तो पुढं आला तेव्हा क्षणभर धरावासा वाटला होता.